मूठभर तांदूळ आणि विद्यापीठाचा कायमनिधी

१९९० च्या सुमारास कुणी वडिलांच्या स्मरणार्थ विद्यापीठाकडे दहा हजार रुपये ठेवले आणि व्याजातून दरवर्षी पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला सुवर्णपदक द्यावे अशी इच्छा व्यक्त केली, असे समजू. तेव्हा बँकेत दहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे, म्हणजे वर्षाला हजार रुपये. दहा ग्रॅम सोन्याचा भाव साधारण ३,२०० रुपये होता, त्यामुळे हजार रुपयांत तीन ग्रॅम सोने येई. पदक खरोखर सोन्याचे होई. आज त्याच दहा हजारांवर सात टक्के धरले तरी ७०० रुपयेच मिळतात. दहा ग्रॅम सोने २०२५ मध्ये लाखाच्या पुढे गेले. या ७०० रुपयांत ग्रॅमचा दहावा हिस्साही येत नाही. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी नियम मोडला नाही, मुद्दल जिथल्या तिथे आहे. तरीही देणगी मेली.

सार्वजनिक विद्यापीठासाठी खासगी देणग्या गोळा कराव्यात की नाही, या वादात हा हिशेब क्वचितच मांडला जातो. एका बाजूला ‘लोकांनी पुढे यावे’ असे आवाहन असते, दुसऱ्या बाजूला ‘हे खासगीकरण आहे’ असा आक्षेप. पैसा कोणत्या रूपात घ्यायचा, कुठे ठेवायचा, किती खर्चायचा आणि कुणाकडून घ्यायचा नाही, याबद्दल दोन्ही बाजू गप्प असतात. आमचे मत असे आहे की गोवा विद्यापीठाने देणग्या मागाव्यात, नेटाने मागाव्यात. पण दोन-चार बड्या दात्यांच्या इमारतींसाठी नव्हे. हजारो लोकांच्या लहान रकमांतून उभ्या राहणाऱ्या कायमनिधीसाठी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालणाऱ्या निधीसाठी मागाव्यात, आणि सरकारी अनुदानाला धक्का लागणार नाही अशी लेखी तजवीज झाल्यावरच मागाव्यात.

द्यायची सवय गोव्याला नवी नाही. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची. घराघरांतून मूठ-मूठ तांदूळ बाजूला काढून त्यावर शाळा चालवायची, ही कल्पना संस्थेच्या नावातच राहून गेली आहे. परक्या राजवटीत मराठी शाळा टिकल्या त्या अशाच गावकऱ्यांच्या खिशातून. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६२ मध्ये पणजीत धेंपे व मडगावात चौगुले ही महाविद्यालये उभी राहिली. दोन्ही खासगी दानातून झाली, तोवर इथे विद्यापीठ नव्हतेच. मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र पणजीत चाले. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा आणि कामकाज १ जून १९८५ पासूनचे. म्हणजे मुक्तीनंतर गोव्यात उच्चशिक्षणाची सुरुवात लोकांच्या पैशांनी झाली आणि सरकार मागाहून आले. तरी ताळगावच्या पठारावरचे विद्यापीठ लोकांना ‘सरकारचे’ वाटते. आपल्या देवस्थानाच्या सभामंडपासाठी मुंबईहून पैसे पाठवणारा महाजन (देवस्थानाचा वंशपरंपरागत सभासद) आपण जिथे एम.ए. केले त्या विभागाला कधी शंभर रुपये देत नाही. यात त्याचा दोष थोडा. देवस्थानाची पावती, पाटी आणि वार्षिक सभेतला हिशेब त्याने पाहिलेला असतो. विद्यापीठाने त्याच्याकडे असे काही मागितलेले नसते आणि मागितलेच तर पुढे काय झाले ते कळवलेले नसते.

आधी आक्षेपाकडे वळू, कारण तो खोटा नाही. पगार, वीज, पाणी, प्रयोगशाळांची मूलभूत सामग्री, वसतिगृहांची दुरुस्ती ही सरकारची जबाबदारी आहे आणि तिथे देणगीचा एक रुपयाही लागता कामा नये. धोका अनुदानाच्या सूत्रात दडलेला असतो. जिथे अनुदान ‘तूट भरून काढण्याच्या’ पद्धतीने मिळते तिथे विद्यापीठाची स्वतःची जमा वाढली की तूट कमी दिसते आणि तेवढेच अनुदान घटते. शंभर माजी विद्यार्थ्यांनी मिळून दहा लाख दिले आणि पुढच्या अर्थसंकल्पात दहा लाख कापले गेले, तर त्या शंभरांनी विद्यापीठाला नव्हे, राज्याच्या तिजोरीला दान दिले असे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९२-९३ मध्ये विद्यापीठांनी स्वतःचे उत्पन्न पाच वर्षांत खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत आणि दहा वर्षांत २५ टक्क्यांपर्यंत न्यावे असे सुचवले होते. लोकांना ही टक्केवारीच लक्षात राहिली. अशी जमा वेगळ्या खात्यात असावी, ती अनुदानात वळती होऊ नये, हा भाग मात्र दुर्लक्षित राहिला, आणि खरे महत्त्व त्यालाच आहे.

म्हणून पहिले पाऊल देणगीदाराकडे नाही, पर्वरीच्या सचिवालयाकडे पडले पाहिजे. देणगी व कायमनिधीचे उत्पन्न अनुदान ठरवताना हिशेबात धरले जाणार नाही, असा वित्त खात्याचा आदेश हवा. मंत्र्यांनी व्यासपीठावर दिलेला शब्द पुरणार नाही. त्याच्या पुढे जाऊन सरकारने जोड-अनुदान द्यावे: कायमनिधीत लोकांकडून आलेल्या प्रत्येक रुपयामागे सरकारचा एक रुपया, ठरावीक मर्यादेपर्यंत. हाँगकाँगच्या सरकारने २००३ मध्ये एक अब्ज हाँगकाँग डॉलर अशाच जोड-अनुदानासाठी बाजूला ठेवून तिथल्या विद्यापीठांना देणग्या मागायला लावले. ‘तुमचे पाचशे म्हणजे हजार’ हे वाक्य लहान दात्याला जेवढे पटते तेवढे दुसरे कुठलेही आवाहन पटत नाही.

आता कायमनिधीचा हिशेब. एक कोटी रुपये आले आणि त्यावर सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला सात लाख होतात. ते सगळे खर्च केले तर मुद्दल एक कोटीच राहते. महागाई पाच टक्के धरली तर वीस वर्षांनी त्या सात लाखांची किंमत आजच्या २ लाख ६४ हजारांएवढी उरते. पदकाचे झाले तेच. याउलट चार टक्केच खर्चायचे आणि तीन टक्के पुन्हा मुद्दलात टाकायचे असे ठरवले तर पहिल्या वर्षी चारच लाख मिळतात आणि विभागप्रमुख नाराज होतात. पण विसाव्या वर्षी मुद्दल १ कोटी ७५ लाखांवर पोचलेले असते, खर्चाला सात लाख मिळतात आणि तिथून पुढे दरवर्षी वाढत जातात. आज मिळणारे तीन लाख सोडून देण्याची ही तयारी नियमावलीत बांधून ठेवावी लागते. नाहीतर प्रत्येक नवा अधिकारी ‘यंदा अडचण आहे, सगळे व्याज वापरू’ म्हणतो, आणि अडचण दरवर्षी असतेच.

अध्यासनाचे, म्हणजे एखाद्याच्या नावाने चालणाऱ्या प्राध्यापकपदाचे, उदाहरण घ्या. विद्यापीठात राज्य सरकारच्या साहाय्याने दा. ध. कोसंबी, बाकीबाब बोरकर, सोहिरोबानाथ आंबिये, मारियो मिरांडा यांच्या नावांची अभ्यागत अध्यासने चालतात. बाहेरचे विद्वान काही आठवडे येतात, शिकवतात, विद्यार्थ्यांबरोबर सामान्य वाचकही त्या वर्गांना बसू शकतो. विद्यापीठाच्या चांगल्या गोष्टींतली ही एक. पण दर वर्षीच्या तरतुदीवर चालणारे अध्यासन एका फायलीवर थांबू शकते. ते कायमचे करायचे तर किती लागतील? सातव्या वेतन आयोगाप्रमाणे प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन १,४४,२०० रुपये आहे. महागाई भत्ता, घरभाडे आणि निवृत्तिवेतनाचा हिस्सा धरला की वर्षाचा खर्च तीस लाखांच्या आसपास जातो. चार टक्क्यांच्या नियमाने त्याला साडेसात कोटींचा निधी हवा. ‘पंचवीस लाख घ्या आणि आमच्या काकांच्या नावे अध्यासन सुरू करा’ असे सांगत येणाऱ्याला हे पहिल्याच भेटीत कागदावर मांडून दाखवले पाहिजे. पंचवीस लाखांतून वर्षाला एक लाख मिळतो. त्यात एक उत्तम व्याख्यानमाला होते, किंवा पन्नास हजारांच्या दोन शिष्यवृत्त्या होतात. अध्यासन होत नाही. दात्याला खूश करण्यासाठी छोट्या रकमेला मोठे नाव द्यायचे आणि पाच वर्षांनी ते गुपचूप बंद पडू द्यायचे, यापेक्षा दात्याचा मोठा अपमान नाही.

हा निधी विद्यापीठातच ठेवावा की वेगळ्या न्यासात, हा प्रश्न वरवर दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. वेगळा न्यास असला तर सरकारचा हात त्याच्यापर्यंत सहज पोचत नाही, म्हणून तो अनेकांना आवडतो. पण आयकराच्या सवलतीसाठी धर्मादाय न्यासाला उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी खर्चावी लागते. पंधरा टक्केच सहज मागे ठेवता येतात. सातपैकी तीन टक्के मुद्दलात परत टाकायचे म्हणजे उत्पन्नाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग राखायचा, आणि त्यासाठी दरवर्षी वेगळा अर्ज, ठरलेला हेतू आणि पाच वर्षांची मुदत सांभाळावी लागते. प्रामुख्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाला ही अट नाही. मात्र ‘प्रामुख्याने’ म्हणजे एकूण जमेच्या निम्म्याहून जास्त सरकारी अनुदान, आणि त्या एकूण जमेत देणग्याही मोजल्या जातात. म्हणून आमचा कल विद्यापीठातच, पण स्वतंत्र अध्यादेशाने कुलूपबंद केलेल्या निधीकडे आहे: मुद्दल मोडायचे नाही, खर्च चार टक्क्यांच्या वर नाही, गुंतवणूक सरकारी रोखे व बँक ठेवींतच, आणि यांपैकी काहीही बदलायचे तर कार्यकारी मंडळाच्या दोन वेगवेगळ्या सभांत तीन चतुर्थांश मते. (ही आयकराची कलमे व पुढे येणारे फॉर्म १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलतात, तेव्हा कागद करताना हिशेबनिसाकडून तपासून घ्यावेत.)

इमारतीचा मोह सर्वांत मोठा. दात्याला कोनशिला दिसते, कुलगुरूंना उद्घाटन दिसते. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. आईच्या नावाचा तो राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. दानाचे ते थोर उदाहरण आहेच, पण त्याचा उत्तरार्धही सांगायला हवा: २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या जीर्णोद्धाराला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पैशांची मदत घ्यावी लागली. एका दात्याने बांधलेले सांभाळायला दुसरा दाता शोधावा लागला. मुंबईत तो मिळाला. ताळगावच्या पठारावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि झुआरीच्या मुखावरून खारा वारा सरळ भिंतींवर येतो. इथे गच्चीचे जलरोधन काही वर्षांत उसवते, लोखंडी सळई गंजून फुगते आणि सिमेंट उडवते. त्यामुळे नियम असा हवा की इमारतीसाठी येणाऱ्या प्रत्येक देणगीतले किमान वीस टक्के देखभालीच्या कायमनिधीत जातील. दोन कोटींची इमारत देणाऱ्याकडून अडीच कोटी मागायचे, नाहीतर नम्रपणे नको म्हणायचे.

यंत्रांचे तसेच. दीड कोटीचे उपकरण भेट मिळते आणि पहिली दोन-तीन वर्षे हमीकाळात सुरळीत चालते. मग वार्षिक देखभाल कराराचे पत्र येते, किमतीच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे साडेसात ते पंधरा लाख. शिवाय चोवीस तासांचे वातानुकूलन, दमटपणा काढणारी यंत्रे, यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि ते चालवू जाणणारा तंत्रज्ञ, ज्याचे पद मंजूरच नसते. पावसाळ्यात चार दिवस वातानुकूलन बंद पडले की भिंगांवर बुरशी धरते. उपकरण देऊ करणाऱ्याला म्हणून एकच प्रश्न विचारावा: सहाव्या वर्षी हे कोण चालवील?

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीबद्दल, म्हणजे सीएसआरबद्दल, विद्यापीठांत अवास्तव आशा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांच्या संशोधनाला जागा आहे आणि शिक्षणाला तर सुरुवातीपासूनच आहे. विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपन्यांचे काम थेट घेऊ शकते. इथवर ठीक. पण जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीपासून सीएसआरचा पैसा कुठल्याही संस्थेच्या कायम मुद्दलात टाकता येत नाही. तो प्रकल्पावर खर्च व्हावा लागतो. ज्या कायमनिधीवर आमचा सगळा भर आहे तो कंपन्यांच्या या पैशाने उभाच राहू शकत नाही. तो व्यक्तींनीच उभा करायचा.

मग सीएसआर कशासाठी? तीन वर्षांत संपणाऱ्या कामांसाठी. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. जुन्या कागदांची दमट हवेपासून राखण आणि त्यांचे डिजिटायझेशन, खाणीच्या डंपांवर (टाकाऊ मातीच्या ढिगांवर) झाडोरा वाढवण्याचे प्रयोग, खाजन शेतीच्या (खारे पाणी अडवून केलेल्या शेतीच्या) बांधांचे सर्वेक्षण ही असली कामे. अडचण येते ती वेळेची. कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. जानेवारी-फेब्रुवारीत फोन येतो की अमुक रक्कम शिल्लक आहे, महिन्याभरात काय घ्याल? तयारी नसलेला विभाग तेव्हा पन्नास संगणक मागतो. तयारी असलेल्या विद्यापीठाच्या कपाटात मंजूर केलेले दहा-बारा प्रस्ताव असतात, प्रत्येक दोन पानांचा, तीन दरपत्रके जोडलेला, जबाबदार प्राध्यापकाच्या सहीचा आणि वर्षवार खर्चाचा. अनेक वर्षांचा ‘चालू प्रकल्प’ म्हणून तो आधीच मंजूर असेल तर कंपनी न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत वापरू शकते. मार्चमधली घाईची खरेदी मग टळते. एक बारकावा विसरू नये: पाटीवर कंपनीचे नाव कृतज्ञतेने लिहिले तर जीएसटी लागत नाही, पण त्याच पाटीत तिच्या मालाची जाहिरात डोकावली तर ती सेवा ठरते आणि कर लागतो.

आता व्यक्तींकडे, म्हणजे मुठीच्या तांदळाकडे. गोवा विद्यापीठाची पदवी घेतलेल्या बहुतेकांनी पठारावर कधी पायही ठेवलेला नाही. ते शिकले म्हापशात, खांडोळ्यात, फोंड्यात, मडगावात, आणि त्यांचा जीव आपल्या महाविद्यालयात गुंतलेला आहे. त्यांना विद्यापीठाच्या नावाने सरसकट पत्र पाठवणे वाया जाते. पदव्युत्तर विभागांत दोन वर्षे काढलेल्यांपासून सुरुवात करावी आणि तीही विभागवार. पदवीदान समारंभाच्या नोंदींत नाव आणि वर्ष मिळते, फोन मिळत नाही. मिळाला तर तो बंद असतो. प्रत्येक विभागातून तीन-चार माजी विद्यार्थी निवडून आपापल्या तुकडीची यादी भरायला लावावी. पन्नास जणांच्या तुकडीतले तीस सापडले तर काम उत्तम झाले. माहिती साठवताना संमती घ्यायची, कारण डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याच्या कक्षेत विद्यापीठही येते.

मागायचे किती? महिन्याला पाचशे. हजार माणसांनी महिन्याला पाचशे दिले तर वर्षाचे साठ लाख होतात. दहा वर्षांत, व्याज धरून, आजच्या खर्चाच्या हिशेबाने एका अध्यासनाचा निधी. यूपीआय ऑटोपेने ते सहज वळते होतात. पण फलकावर नुसता क्यूआर कोड लावणे ही चूक अनेक संस्था करतात. पैसे येतात, कुणाचे ते कळत नाही. धर्मादाय न्यासांना निनावी देणगीवर एका मर्यादेपुढे तीस टक्के कर लागतो, आणि दात्याला प्रमाणपत्रही देता येत नाही. आधी नाव, पत्ता, पॅन आणि हेतू विचारणारा छोटा अर्ज, मग कोड, हा क्रम मोडू नये. ३१ मेपर्यंत वर्षाच्या सर्व देणग्यांचे विवरण दहा-बीडी फॉर्ममध्ये भरायचे आणि दात्याला दहा-बीई प्रमाणपत्र पाठवायचे. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये विलंबशुल्क आहे आणि प्रमाणपत्राविना दात्याची सवलत बुडते. त्या दात्याकडून पुढच्या वर्षी काही येत नाही. दात्याला करसवलत मिळवून देणारी ‘८० जी’ची मान्यता पाच वर्षांची असते. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज गेला पाहिजे. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला पात्र नाही, वस्तुरूप देणगी तर मुळीच नाही.

करसवलतीचा डंका मात्र फार पिटू नये. जुन्या पद्धतीने तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याने दहा हजार दिले तर निम्म्या रकमेवर सूट, म्हणजे हातात वाचतात १,५६० रुपये. नव्या करपद्धतीत एक पैसाही वाचत नाही, आणि पगारदारांतले अनेक जण आता त्या पद्धतीत गेले आहेत. पाचशे रुपये देणारा करासाठी देत नाही. आपले पैसे कुठे गेले हे कळावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

गोव्यात आणखी एक गाठ आहे, आणि ती बाहेरच्या सल्लागारांच्या ध्यानात येत नाही. आखातात काम करणारा गोंयकार आणि बोटीवरचा तारवटी भारतीय पासपोर्टवर असतील तर त्यांची स्वतःच्या कमाईतली देणगी विदेशी ठरत नाही, मग ती दिरहॅममध्ये का कमावलेली असेना. पण पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन लंडनजवळ स्थायिक झालेला गोंयकार कायद्याने परदेशी आहे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी. त्याची देणगी विदेशी अंशदान नियमन कायदा २०१० खाली येते: नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते, आणि स्वतंत्र हिशेब. कायद्याने स्थापन झालेल्या, पूर्णपणे सरकारी मालकीच्या आणि महालेखापरीक्षकांच्या सक्तीच्या तपासणीखालच्या संस्थांना केंद्राने सूट दिलेली आहे. विद्यापीठाने त्या सुटीत आपण बसतो का, हे गृह मंत्रालयाकडून लेखी घ्यावे. ते येईपर्यंत देणगीच्या अर्जावर ‘आपला पासपोर्ट कोणत्या देशाचा?’ हा रकाना ठेवणे अपरिहार्य आहे. कुणाला तो टोचेल. तरी एका चुकीच्या पावतीने सगळा निधी चौकशीत अडकण्यापेक्षा तो बरा.

मृत्युपत्रांतून येणाऱ्या दानाला गोव्यात खूप वाव आहे आणि तितकेच धोकेही. मुले परदेशी, घर बंद, कपाटभर पुस्तके आणि मागे कुणी बघणारे नाही, अशी घरे सासष्टीत आणि तिसवाडीत गल्लोगल्ली आहेत. पण इथला वारसा कायदा वेगळा. मुले किंवा आईवडील हयात असतील तर माणूस आपल्या संपत्तीचा अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा तसा देऊ शकतो, उरलेला अर्धा वारसांचा राखीव. आणि पतिपत्नींची संपत्ती सामायिक असेल तर त्यातली निम्मी मुळातच जोडीदाराची. म्हणजे जोडप्याच्या एकूण संपत्तीचा चौथा हिस्सा एवढेच एकाच्या हातात असते. ‘माझे घर विद्यापीठाला’ असे साध्या कागदावर लिहून ठेवणाऱ्या भल्या माणसाला हे कुणी सांगितले नाही तर त्याच्या मागे विद्यापीठ आणि वारस न्यायालयात उभे राहतात. मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे व्हावे. घर स्वीकारण्याआधी इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) झाली आहे का, घरात किंवा परसात मुंडकार (मालकाच्या जमिनीत राहण्याचा कायदेशीर हक्क असलेला रहिवासी) आहे का, जमीन कोमुनिदादीची (जुन्या गावकरी संस्थेची) आफ्रामेंताची (कायम भाडेपट्ट्याची) आहे का, हे वकिलाकडून तपासावे. तपासात खोट निघाली तर घर नाकारावे. रोख, ठेवी आणि पुस्तके आनंदाने घ्यावीत. पुस्तकेही यादी पाहून.

शेवटी कुणाचा पैसा, हा प्रश्न. गोव्यात मोठा पैसा खाणींतून आला आणि आज तो कॅसिनो व जमिनीच्या व्यवहारांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून खाणी थांबल्या. या व्यवहारांचे पाण्यावर, शेतीवर, समाजावर काय परिणाम झाले, हे अभ्यासणारे प्राध्यापक याच विद्यापीठात आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारावर खाणमालकाचे किंवा कॅसिनोचे नाव असेल तर त्यांचा अहवाल खरा असूनही संशयित ठरेल. पैसा कुठूनही येवो, कामाला चांगला आहे ना, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. विद्यापीठाची सगळी पत त्याच्या निःपक्षपाती शब्दावर उभी असते. दहा लाखांवरच्या प्रत्येक देणगीची छाननी समितीने करावी, आणि त्या समितीत बाहेरचा एक निवृत्त न्यायाधीश किंवा लेखापरीक्षक असावा. ज्याच्यावर विद्यापीठाचे संशोधन थेट परिणाम करते, किंवा ज्याचा विद्यापीठाशी जमिनीचा वाद आहे, त्याच्याकडून त्या विभागासाठी काही घेऊ नये. नेमणूक, अभ्यासक्रम, प्रवेश, निष्कर्ष यांत दात्याला एक शब्दही नाही, हे करारात लिहावे. नावाची मुदतही लिहावी, समजा पंचवीस वर्षे, आणि दाता गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला तर नाव काढण्याचा हक्क. विद्यापीठाच्या भाषा विद्यालयाला कोंकणी लेखक शणै गोंयबाबांचे, सामाजिक शास्त्रांच्या विद्यालयाला कोसंबींचे नाव आहे. ती नावे कुणी विकत घेतलेली नाहीत, आणि तसेच राहावे. खोली, व्याख्यानमाला, शिष्यवृत्ती यांना दात्यांची नावे खुशाल द्यावीत. विद्यालयांना देऊ नयेत.

हे सगळे करायला तीन माणसे लागतील: देणग्यांचे काम समजणारा एक अधिकारी, पूर्णवेळ हिशेबनीस, आणि याद्या व पत्रव्यवहार पाहणारा एक सहायक. वर्षाला पंचवीस लाखांच्या आत. हा खर्च विद्यापीठाने आपल्या अर्थसंकल्पातून करावा, देणगीतून एक पैसाही कापू नये. पहिल्या दोन वर्षांत आलेल्या रकमेपेक्षा खर्च जास्त दिसला तर घाबरून बंद करू नये. यादी तयार व्हायलाच तेवढा काळ जातो. दरवर्षी जुलैत प्रत्येक दात्याला एका पानाचा हिशेब जावा: मुद्दल किती, व्याज किती, खर्च कशावर, मुद्दलात परत किती. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीला दात्याच्या शेजारी उभे करून फोटो काढू नये. दात्याला तिचा विभाग, तिचे काम आणि ती काय शिकली एवढे कळले तरी पुरते.

आणि सुरुवात जुन्या ठेवींपासून करावी. विद्यापीठाकडे पदके, पारितोषिके, शिष्यवृत्त्या यांच्या जेवढ्या लहान-मोठ्या ठेवी आहेत त्यांची पूर्ण यादी जाहीर करावी: मूळ रक्कम, वर्ष, अट, आजचे व्याज. ज्यांच्या व्याजात आता काहीच होत नाही त्या दात्यांच्या घरच्यांना शोधून पत्र लिहावे की तुमच्या वडिलांच्या नावाची ठेव अशी अशी आहे, तिच्यातून आता पदक होत नाही, भर घालाल का, की त्याच विषयातल्या दुसऱ्या ठेवीत मिळवू? काही पत्रे परत येतील. काहींची उत्तरे कॅनडाहून येतील, काहींची डिचोलीहून. पहिले दाते तिथेच भेटतील.